चहाला उठलं की हँग

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याच्या मदतीने घरीच कॉम्प्युटर जोडला. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन खेपा मारून सामान आणलं : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या ३६०० स्पीडच्या दोन रॅम, ५०० जीबीची एसएसडी. ग्राफिक्स कार्ड भाच्याचं जुनं. एसएमपीएस आमच्या आधीच्या कॉम्प्युटरचा, ४५० वॅटचा. चांगला चालत होता म्हणून तोच लावला. पहिले पंधरा दिवस ठीक गेले. आता आठवड्यातून सरासरी दोनदा स्क्रीन आहे तशी थिजते, माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर 'टर्रर्र' असा एकसुरी आवाज येत राहतो. निळा पडदा नाही, सूचना नाही. दोनदा फॉरमॅट मारला. दोन्ही वेळा आठवडाभर बरा चालला आणि पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो रॅम, भाचा म्हणतो ड्रायव्हर, शेजारचे म्हणतात गरम होतोय, म्हणून सध्या कॅबिनेटचं दार काढून टेबलफॅन लावून ठेवला आहे. गंमत अशी, की भाचा तीन-तीन तास गेम खेळतो तेव्हा काही होत नाही. मी पीडीएफ वाचत बसलो किंवा चहाला उठलो, की हा अडकतो. त्याचा माझ्यावर राग आहे का? आणि कॉम्प्युटर मेलेला असताना पडद्यावर चित्र कसं टिकतं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निम्मं निदान त्यातच आहे.

पडद्यावर दिसणारं चित्र ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत साठवलेलं असतं. कार्डावरचं एक सर्किट ते चित्र सेकंदाला ६० वेळा वाचून मॉनिटरकडे पाठवतं, आणि हे काम ते प्रोसेसरला न विचारता करतं. प्रोसेसर गारठला तरी त्या सर्किटला पत्ता नसतो. ते शेवटचं चित्र इमानाने पाठवत राहतं. आवाजाचंही तसंच. गाण्याचा अगदी छोटा तुकडा प्रोसेसर मेमरीच्या एका कोपऱ्यात भरून ठेवतो आणि साउंडचं सर्किट तो कोपरा गोल गोल वाचत असतं. पुढचा तुकडा भरणारा थांबला, की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. तो तुमचा 'टर्रर्र'.

आता यातून काय कळतं ते पाहा. वीज पूर्ण गेलेली नाही. ग्राफिक्स कार्ड निदान चित्र पाठवण्याइतकं शुद्धीत आहे. थांबला आहे तो प्रोसेसर, किंवा प्रोसेसर ज्याची वाट बघत बसला आहे असं काहीतरी. दोष ग्राफिक्स कार्डाचा असता तर चित्र वेगळं दिसलं असतं : पडदा काळा होतो, रेघा उमटतात, पण मागे गाणं चालू राहतं. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज स्वतःच त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहते, आणि पडदा क्षणभर विझून परत येतो. भाच्याच्या ड्रायव्हरच्या संशयाला त्यामुळे माझ्या लेखी फारसं वजन नाही. डिस्कचं दुखणं असतं तेव्हा माउस मजेत फिरतो, गाणंही काही वेळ वाजतं, फक्त जिथे क्लिक कराल ते उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लागून राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आधीच्या यंत्राने मला चार महिने याच पद्धतीने छळलं. विंडोज नव्याने टाकली, डिस्क बदलली, नव्या डिस्कवरही तेच. शेवटी डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रामात १९९ क्रमांकाच्या ओळीकडे लक्ष गेलं. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत किती वेळा माहिती खराब झाली, ते तिथे मोजलं जातं. तो आकडा रोज वाढत होता. म्हणजे दोष डिस्कचा नाही, वाटेचा. सगळ्या यंत्रातली सगळ्यात स्वस्त वस्तू, सॅटाची लाल केबल, मी डिस्क बदलतानाही तीच ठेवली होती. तुमची एसएसडी थेट बोर्डावर बसणारी असेल तर हा प्रकार तुमच्याकडे संभवत नाही, पण तिचा छोटा स्क्रू लावला आहे ना, एवढं बघा. घरी जोडलेल्या यंत्रात तो बऱ्याचदा खोक्यातच राहतो.

डिस्कचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. क्रुशियल कंपनीची एम४ नावाची एसएसडी एके काळी फार खपली. ती एकूण ५,१८४ तास चालून झाली की अचानक प्रतिसाद देणं बंद करायची. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तासभर ठीक, मग पुन्हा तेच. डिस्कच्या आतल्या प्रोग्रामात तास मोजण्याची चूक होती. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने तो दुरुस्त करून दिला. त्याआधी कितीजणांनी रॅम आणि बोर्ड बदलले असतील देव जाणे. हँग होण्यात घड्याळासारखी नियमितता दिसली, की प्रोग्राममधल्या चुकीवर संशय घ्यावा, तो यासाठी. तुमचा मात्र अनियमित आहे.

आता, हा मुका का मरतो? निळा पडदा म्हणजे विंडोजने मरता मरता लिहिलेली चिठ्ठी असते, आणि ती लिहायलाही प्रोसेसरच लागतो. प्रोसेसरच गोठला तर मयताने स्वतःचा पंचनामा लिहायचा कसा? तुम्ही बटण दाबून पुन्हा सुरू केल्यावर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसेल. ती पाहून लोक एसएमपीएसच खराब असं ठरवून मोकळे होतात. पण त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या खेपेला यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. ते तर तुम्हाला ठाऊकच आहे, बटण तुम्हीच दाबलंत. त्याच यादीत 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या नोंदी असतील तर त्या मात्र नीट वाचा. ती हार्डवेअरची स्वतःची तक्रार असते.

आता फॉरमॅटबद्दल. तुम्ही लिहिता, दोन्ही वेळा आठवडाभर बरा चालला. आपल्याकडे याला गुण येणं म्हणतात, आणि इथेच मोठमोठे फसतात. यंत्र आठवड्याला सरासरी दोनदा, कधीही आणि कसंही अडकत असेल, तर काहीएक न करता एखादा आठवडा बिनघोर जाण्याची शक्यता साडेतेरा टक्के असते. म्हणजे साधारण सात आठवड्यांत एक आठवडा निवांत जाणारच. त्या आठवड्याच्या आदल्या दिवशी तुम्ही रॅम पुसली असेल तर श्रेय रॅमला, फॉरमॅट मारला असेल तर फॉरमॅटला, आणि कॅबिनेटवर लिंबू-मिरची टांगली असेल तर लिंबू-मिरचीला. दोन आठवडे सलग शांत गेले तर योगायोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या खाली येते. तेव्हा एका वेळी एकच बदल करायचा, आणि त्यानंतर पूर्ण दोन आठवडे थांबायचं. कंटाळवाणं आहे. पण एकाच रविवारी रॅम, बायोस, ड्रायव्हर, एसएमपीएस सगळं बदललंत तर यंत्र सुधारलं तरी कशाने सुधारलं हे कळणार नाही, आणि बिघडलं तर दुप्पट घोळ. एक वही करा. तारीख, वेळ, काय चालू होतं, माउस हलत होता का, आवाज कसा होता. दुकानदाराशी भांडतानाही ती वही उपयोगी पडते.

आता तुमच्या पत्रातली सोन्यासारखी ओळ : गेम खेळताना काही होत नाही, चहाला उठलं की अडकतो. ही तुम्ही गंमत म्हणून लिहिलीत. मला तीच मुख्य साक्ष वाटते.

गरम होण्याचा मुद्दा तिने जवळपास निकाली निघतो. प्रोसेसर सगळ्यात जास्त तापतो तो गेममध्ये, पीडीएफमध्ये नव्हे. शिवाय आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्यानेही भागलं नाही तर सरळ बंद पडतात. थिजून बसणं ही तापलेल्या प्रोसेसरची रीत नाही. तेव्हा टेबलफॅन काढा, दार लावा. उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ जाते, आणि कोकणात पाली-मुंग्यांनाही उबदार जागा हवीच असते.

मग निवांत असताना नेमकं काय होतं? काम नसलं की प्रोसेसरचे कोअर झोपतात. साधी डुलकी असते आणि गाढ झोपही असते. सी६ नावाच्या गाढ झोपेत कोअर आपली सगळी आवराआवर करून ठेवतो आणि त्याची वीज जवळजवळ तोडली जाते. तुम्ही पान उलटलं की तो दचकून उठतो, काम करतो, पुन्हा झोपतो. सेकंदाला असं शेकडो वेळा घडतं. भाचा गेम खेळताना त्याला झोपूच देत नाही. तुम्ही देता. तेव्हा राग वगैरे नाही, उलट तुमच्या सहवासात त्याला जास्त झोप मिळते.

ही झोप जुन्या एसएमपीएसना मानवत नाही, हे जुनं दुखणं आहे. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हा त्यांची गाढ झोप इतकी गाढ होती, की एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवर फक्त ०.०५ अँपिअरचा भार राहू शकत होता. इतक्या कमी भारावर व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी जुने एसएमपीएस बनवलेलेच नव्हते. त्या वर्षी एसएमपीएसच्या खोक्यांवर 'हॅसवेल रेडी' असे शिक्के झळकायला लागले, ते यामुळे. पुढे २०१७ मध्ये पहिले रायझन आले, आणि विशेषतः लिनक्स वापरणाऱ्यांची यंत्रं रिकामी बसली असताना थिजू लागली. मग बोर्डांच्या बायोसमध्ये एक नवं सेटिंग आलं : 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'. ते पुढच्या पिढ्यांच्या बोर्डांतही राहिलं.

आपल्याकडे एसएमपीएसबद्दल बोलताना एकच प्रश्न विचारतात : किती वॅटचा? जास्तीत जास्त भार त्याला झेपेल का, एवढंच आपण बघतो. कमीत कमी भारावर तो कसा वागतो, हे कुणी विचारत नाही. तुमचा एसएमपीएस आधीच्या यंत्रात 'चांगला चालत होता', कारण आधीचं यंत्र बहुधा इतकं गाढ झोपत नव्हतं. त्यात त्याचं वयही झालं. आतले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात आणि धक्के पचवण्याची ताकद कमी होते. (तो उघडून बघायचा मोह मात्र टाळा. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट साठतात, आणि प्लग काढला तरी काही काळ राहतात.)

म्हणून तुमची पहिली चाचणी फुकटची. बायोसमध्ये जा, 'अॅडव्हान्स्ड'खाली 'एएमडी सीबीएस' शोधा. बोर्डागणिक जागा थोडी इकडेतिकडे असते. तिथे 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे सेटिंग 'ऑटो'वर असेल, ते 'टिपिकल करंट आयडल' करा. याने प्रोसेसर निवांत असतानाही थोडी जास्त वीज घेत राहतो. त्याने वीजबिलाला भोक पडणार नाही. सेव्ह करा, वहीत तारीख लिहा, आणि पुढचे दोन आठवडे भाच्याला जरा कमी खेळू द्या. यंत्र रिकामं बसलं नाही तर चाचणी कसली?

यंत्र सुधारलं, तर एसएमपीएस हाच आरोपी असण्याची शक्यता दाट. तसंच चालवत राहता येईल, पण मी असतो तर चांगल्या कंपनीचा नवा घेतला असता. चांगला म्हणजे वजनदार, आणि कॅबिनेटबरोबर फुकट येणारा नव्हे. त्या फुकट डब्यांवरच्या स्टिकरवरचे वॅट मी लग्नपत्रिकेतल्या 'आग्रहाचे निमंत्रण' इतपतच मनावर घेतो.

सुधारलं नाही, तर ते सेटिंग पूर्ववत करून रॅमकडे वळायचं. दुकानदार अगदीच चुकीचा नाही. तुमच्या रॅमच्या डब्यावर ३६०० लिहिलं आहे. ५६०० या प्रोसेसरसाठी एएमडीने कागदावर कबूल केलेला वेग ३२०० पर्यंतचा आहे. बायोसमधलं 'एक्सएमपी' किंवा 'डीओसीपी' चालू केलं, की रॅम १.२ व्होल्टऐवजी साधारण १.३५ व्होल्टवर आणि प्रमाणापेक्षा वेगाने पळते. बहुतेक वेळा ते निभावतं. पण ती मेहरबानी असते, हक्क नव्हे. तेव्हा एक्सएमपी बंद करा, दोन आठवडे रॅम तिच्या मूळ सावकाश वेगाने चालवा. पीडीएफ वाचताना तुम्हाला फरक जाणवणारही नाही. दरम्यान एका रात्री पेन ड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' लावून झोपा. सकाळी एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तरी रॅम दोषी, तिथे 'एकच तर आहे' असं म्हणायचं नाही. चूक दिसली नाही तर मात्र रॅम निर्दोष ठरत नाही. संशय कमी होतो, इतकंच.

रॅम काढून खोडरबराने पुसण्याचा आपला राष्ट्रीय उपाय दुकानदाराने सांगितला असेलच. तो कधीकधी लागू पडतो, पावसाळ्यात कोकणात तर जास्तच. पण माझ्या मते निम्म्या वेळा गुण खोडरबराचा नसून रॅम काढून नीट 'टक्' आवाज येईपर्यंत बसवण्याचा असतो. नुसती काढून बसवा. तोवर त्या खाचा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या आहेत का ते बघा. बहुतेक बोर्डांना दोन रॅम तिथेच लागतात.

बायोस नवा करायचा का? तुमचा बोर्ड २०१८ च्या पिढीतला, प्रोसेसर एप्रिल २०२२ चा. दोघं एकत्र चालतात, अर्थात कुणीतरी मधल्या काळात बायोस नवा केलेला आहे. तरीही त्यानंतरच्या आवृत्त्यांत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. रायझनची यंत्रं अधूनमधून सेकंद-दोन सेकंद अडखळतात, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतःच मान्य केलं होतं आणि उपाय नव्या बायोसमध्ये दिला होता. तुमचा आजार तो नाही, तो अडखळून पुन्हा चालू व्हायचा. पण बायोस नवा करणं हा स्वतंत्र बदल समजा, वर सांगितलेल्या चाचण्यांच्या मध्ये घुसवू नका. आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण शब्दांमागे ऐकू आलं : 'सगळं नवं आणलं तरी?' नवेपणाचा पुरावा इथे चालत नाही. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर घेणाऱ्यांची यंत्रं कोसळत होती. जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं, असं कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. तोवर या लोकांनाही रॅम पुसायला सांगणारे भेटलेच असतील.

वरचं सगळं करूनही थिजत राहिला, तर भाच्याला बोलवा आणि बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. एक रॅम, प्रोसेसर, कार्ड, एसएसडी, मित्राकडून उसना आणलेला एसएमपीएस, बस्स. काढतानाच बोर्डाखाली पितळी स्पेसरकडे लक्ष द्या. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा राहून गेला असेल, तर तो मागून शॉर्ट करतो. पहिल्यांदा कॅबिनेट भरणाऱ्याच्या हातून ही चूक सहज होते. तुमच्याच हातून झाली असेल असं म्हणत नाही. भाचा होता ना बरोबर.

प्रश्न : हँग झालेला कॉम्प्युटर पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला तर हार्ड डिस्क खराब होते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याआधी एकदा कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला तर आत अजून कुणीतरी जागं आहे. दोन मिनिटं थांबा, कदाचित सुटेल. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, तेही करून बघा. दिवा हललाच नाही तर वाट बघण्यात अर्थ नाही. बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं, की वीज तोडण्याचं काम मदरबोर्डवरचं सर्किट परस्पर करतं, प्रोसेसरची परवानगी लागत नाही.

डिस्कच्या यंत्रणेला सहसा त्याने काही होत नाही. फिरणारी हार्ड डिस्क वीज गेल्याबरोबर तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज काढते आणि तेवढ्यात हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवते. नुकसान होतं ते त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइलचं. विंडोजची फाइल-पद्धत आधी नोंद करून मग बदल करते, त्यामुळे डिस्कवरची मांडणी बहुधा शाबूत राहते, पण तुमचं अर्धं टाइप केलेलं पत्र जातं. फक्त पडद्यावर बायोस नवा होत असल्याची पट्टी सरकत असेल, तर ती कितीही वेळ एकाच जागी दिसली तरी अर्धा-पाऊण तास बटणाला हात लावू नका.